एकदाच घालायचे कपडे

त्या उन्हाळ्यात आरोग्य केंद्राच्या नळाला करंगळीएवढी धार यायची, तीसुद्धा कुणी भल्या सकाळी येऊन तिची वाट बघत उभं असेल तरच. भट्टीवाली उभी असायची. केंद्राच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या छपराखाली तिची भट्टी होती. दगडांवर चढवलेला भलामोठा हंडा, खाली लाकडं, शेजारी आपटायला दगडी चौथरा आणि ढवळायला तिच्या खांद्याला लागेल एवढा दांडका. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट, बाळंतिणींच्या खोलीतली फडकी, सगळं तिच्या हाताखालून जायचं. रक्ताची फडकी आधी गार पाण्यात, बाकीचं थेट उकळत्या पाण्यात. सोड्याने तिच्या बोटांची कातडी अशी झाली होती की मीठ लागलं तरी आग व्हायची, आणि घरी स्वयंपाक तर तिलाच करावा लागायचा.

तिचं खरं नाव केंद्रात कुणाला ठाऊक नव्हतं. हजेरीच्या वेळी ‘रोजंदारी, धुणं’ एवढंच पुकारलं जायचं आणि ती ‘हं’ म्हणायची.

आदल्या साथीत मात्र तिचं नाव झालं. म्हणजे आधी वाईट झालं. रोग्यांच्या चादरी धुणारी बाई म्हटल्यावर शेजारणींनी दारं लावून घेतली, दुकानदार तिचं सामान उंबऱ्याबाहेर ठेवून आत पळायचा, आणि सार्वजनिक नळावर ती दिसली की बायका आपली भांडी अर्धी भरलेली असली तरी उचलून बाजूला व्हायच्या. तिचा नवरा धान्याच्या बाजारात हमाल होता. पाठीवर पोतं घेऊन शिडी चढणारा गडी. बाकीचे हमाल त्याच्या शेजारी बसून भाकरीचा तुकडा मोडेनात, तेव्हा तो बाजार सोडून तिच्या मदतीला भट्टीवर आला. आणि तिथेच, त्या ओल्या गठ्ठ्यांतून, त्याला ते दुखणं लागलं. जीव वाचला. पण छातीचं जे व्हायचं ते झालं. आता भरलेली कळशी उचलली तरी तो भिंतीला हात लावून उभा राहायचा, आणि आतून जो आवाज यायचा तो ऐकून त्याची आई दुसरीकडे बघायची.

तेव्हा केंद्रात जुने डॉक्टर होते. रोग्याजवळ जाताना अंगभर घालायचे ते पांढरे पोशाख वरून मोजकेच आले होते. ते एकदा घालायचे आणि जाळून टाकायचे. पण जाळले तर उद्या काय घालायचं? जुन्या डॉक्टरांनी भट्टीवालीला बोलावलं. म्हणाले, “हे धुवायचे नसतात. पण तुम्ही धुवा. चोळू नका, पिळू नका, औषधाच्या पाण्यात बुडवा आणि सावलीत टाका.” तिने जीव लावून धुतले. एकेक पोशाख तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांवर घेऊन पाण्यात सोडायची. डॉक्टर आणि सिस्टर तेच घालून आत जायचे, बाहेर यायचे, ती पुन्हा धुवायची. साथ सरत आली असताना जुने डॉक्टर त्याच दुखण्याने गेले. पुढे तालुक्याच्या सभेत कुणीतरी मोठ्या माणसाने सांगितलं की एका धुणाऱ्या बाईने पोशाख धुवून केंद्र चालू ठेवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने तिला आत बोलावून सामान दिलं.

मग साथ गेली आणि मोठमोठी माणसं विचार करायला लागली. पुढची साथ येईल तेव्हा हात चोळत बसायला नको, असं सगळ्या जगाने मिळून ठरवलं म्हणे. केंद्राच्या पूर्वेला एक नवी खोली उठली. तिला पोलादी दार, आत पोलादी कपाटं आणि कपाटांत खोक्यांवर खोकी. दारावर पाटी लागली, ‘आरोग्य यंत्रणा बळकटीकरण – राखीव साठा’.

“बळकट कोण झालं मग?” सासूने विचारलं.

“कपाट,” हमाल म्हणाला आणि हसता हसता खोकला.

सासूची जीभ म्हणजे धार लावलेली, पण त्या खोकल्यापुढे तिचंही काही चालायचं नाही. ती उठून पाणी आणायला गेली.

नवे डॉक्टर तरुण होते, कपडे कडक इस्त्रीचे, बोलणं मोजूनमापून. त्यांनी आल्या आल्या भट्टीवालीला सांगितलं होतं, “बाई, तुमचं काम मला माहीत आहे. परदेशी पाहुणे केंद्र बघायला येणार आहेत. ती भेट नीट पार पडली की तुम्हाला कायम करायची शिफारस मी स्वतः करतो.”

कायम. हा शब्द ती घरी अशी घेऊन आली की जणू पदराखाली दिवा झाकून आणावा. कायम झालं की कार्ड मिळणार होतं, आणि कार्ड असलं की मोठ्या इस्पितळात घरच्यांवर फुकट इलाज. हमालाला एकदा तिथे नेलं होतं. खिडकीवरच्या माणसाने कार्ड मागितलं, नाही म्हटल्यावर मागच्याला पुढे घेतलं. छातीचा इलाज होतो, असं मात्र रांगेतल्याच एकाने सांगितलं होतं. त्या माणसाचा भाऊ बरा होऊन पुन्हा गाडी ओढायला लागला होता. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता. हमाल बोलायचा नाही, पण धान्याच्या बाजारातून कुणी गेलं की विचारायचा, पोतं आता किती किलोचं भरतात रे?

पाहुणे यायच्या आधी केंद्रात लगीनघाई उडाली. भिंतींना रंग, झाडांच्या बुंध्यांना चुना, मुतारीला नवं दार. सिस्टर तेव्हा नेमक्या नव्हत्या. त्यांना ‘पुढच्या साथीची तयारी’ शिकायला शहरात पाठवलं होतं. स्टोअर सांभाळणारा बाबू एका शनिवारी भट्टीवर आला. त्याला त्याच्या मेव्हण्याकडे जायचं होतं, आणि मनाने तो पोचलाही होता.

“हे घे किल्ली,” तो म्हणाला. “साहेबांचा हुकूम आहे. पाहुणे यायच्या आत केंद्रातला कपडा न् कपडा धुतलेला दिसला पाहिजे.”

“राखीव खोलीतलेसुद्धा?”

“कपडा न् कपडा म्हटलं ना? आता काय एकेकाचं नाव घेऊन सांगू?” आणि तो गेला.

रविवारी तिने पोलादी दार उघडलं. आत कोंडलेल्या हवेचा वास आला. एका खोक्याला उंदरांनी भोक पाडलं होतं आणि आतल्या पोशाखावर त्यांच्या लेंड्या होत्या. घड्यांवर पिवळट रेघा, वर धुळीचा थर.  हे पाहुण्यांना दाखवायचं? ज्या पोशाखांपायी आपलं नाव झालं ते असे? तिने एक झटकून बघितला. तोच पांढरा रंग, तेच पाठीवरचे बंद. हे तर ओळखीचं काम होतं. ह्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

तिने खोकी रिकामी केली. गठ्ठे हातगाडीवर घातले आणि पाण्यासाठी घरातल्या सगळ्यांना उठवलं.

त्या दिवशी त्या घराने जे काम केलं ते बघायला हवं होतं. नळाला धार नव्हती, म्हणून भट्टीवाली ओढ्यातल्या झऱ्यावरून पाणी आणत होती. वाटीने खरवडून घागर भरायची, गाडीवर चढवायची, उन्हात ढकलत आणायची. सासू लाकडं सारत होती. आणि हमाल चौथऱ्यावर बसून, धूळ निघावी म्हणून, एकेक पोशाख आधी साध्या पाण्यात सोडत होता. त्याला बसून करता येण्यासारखं काम बऱ्याच दिवसांनी मिळालं होतं. तोंडाला ओलं फडकं बांधून तो असा मन लावून बसला होता की भट्टीवालीला त्याच्याकडे बघून बरं वाटलं.

“चोळू नका हं,” ती म्हणाली.

“मला सांगतेस? मागच्या वेळी अर्धे मीच धुतले.”

अडचण एकच होती. औषधाचं पाणी करायची भुकटी संपलेली होती. बाबू नाही, सिस्टर नाहीत, विचारायचं कुणाला? भट्टीवालीने विचार केला की चादरीतले जंतू उकळून मरतात, तर यातलेही मरतील. औषधापेक्षा उकळणं केव्हाही चांगलं. तिने हंड्याखाली लाकडं वाढवली आणि पोशाख उकळत्या पाण्यात सोडले.

थोड्या वेळाने पाण्यावर काहीतरी तरंगायला लागलं. बोटभर रुंदीच्या लांब पारदर्शक पट्ट्या. हमालाने दांडक्याने एक वर उचलली.

“हे काय गं?”

“धागा असेल.”

“धागा कुठला? हे शिवणीवरचं आहे. बघ, इथे चिकटवलेलं होतं.” त्याने पोशाख उजेडात धरला. शिवणीवरच्या सुईच्या भोकांतून आकाश दिसत होतं.

भट्टीवालीने घाईघाईने सगळे बाहेर काढले. दोरीवर टाकले. वाळले तेव्हा त्यांचे हात आखडले होते, पाठ आक्रसली होती, आणि हात फिरवला की वरचा तुकतुकीत पापुद्रा कोंड्यासारखा निघत होता.  मग सासू म्हणाली की इस्त्री मारली तर ताणून सरळ होईल. कोळशाची इस्त्री पेटवली. सासूने ती नेमकी एका पोशाखाच्या छातीवर टेकवली आणि उचलली तर खाली तळहाताएवढं भोक, कडेने काळं झालेलं. वास असा सुटला की हमालाला खोकल्याची उबळ आली आणि ती थांबेचना. भट्टीवाली त्याची पाठ चोळत राहिली. सासू इस्त्री हातात धरून तशीच उभी होती.

“माझे हात तुटले का नाहीत,” ती म्हणाली.

“तुम्ही काय केलंत, आई? मी उकळले.”

सोमवारी सकाळी नवे डॉक्टर आले तेव्हा पोशाख अजून दोरीवर होते. लपवायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती पुढे झाली आणि सगळं सांगितलं. बाबूचा निरोप, उंदीर, भुकटी, उकळणं. डॉक्टरांनी एक पोशाख बोटांच्या चिमटीत धरून बघितला. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढराफटक पडला.

“हे एकदाच वापरायचे असतात,” ते म्हणाले. “धुवायचे नसतात, एवढं साधं कळत नाही तुला?”

कालपर्यंत ते ‘तुम्ही’ म्हणत होते.

“मागच्या वेळी धुतले होते, साहेब.”

“मागच्या वेळी आपल्याकडे काही नव्हतं! आता आहे! होतं!” त्यांनी आजूबाजूला बघितलं. अंगणात शिपाई झाडत होता. त्यांनी आवाज खाली आणला. “परवा पाहुणे येतात. साठा दाखवायचाय. तो कुठे गेला म्हणून विचारलं तर मी काय सांगू? धोब्याच्या घाटावर गेला?”

ते तिला आपल्या खोलीत घेऊन गेले आणि बाबूला बोलावलं. त्याने कानांवर हात ठेवले. मी चादरींबद्दल बोललो होतो, साहेब, हिला विचारा. भट्टीवालीला वाटलं, बोलून काय उपयोग?

डॉक्टरांनी खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, “घड्या घाल. होत्या तशा. खोक्यात भर, वरून चिकटपट्टी लाव. जळका आहे तो सगळ्यात खाली. आणि हे आपल्या तिघांतच. मी नवीन मागवून घेतो हळूच. तुझी शिफारस माझ्याच हातात आहे, विसरू नकोस.”

ती विसरण्यासारखी गोष्ट नव्हती. तिने घड्या घातल्या. आयुष्यात एवढ्या नीट घड्या तिने कधी घातल्या नव्हत्या.

पाहुणे आले. तीन गाड्या, धूळ, गळ्यांत पट्ट्यांना लटकवलेली ओळखपत्रं. त्यांतली एक उंच बाई राखीव खोलीत शिरली आणि चिकटपट्टी लावलेली खोकी बघून इतकी खूश झाली की तिने त्यांचे फोटो काढले. बंद खोक्याइतकं तयारीचं दुसरं काही दिसत नसावं. मग डॉक्टरांनी भट्टीवालीला पुढे आणलं. “ह्या आमच्या ताई. साथीत ह्यांनीच पोशाख धुवून केंद्र चालू ठेवलं.” उंच बाईने तिचा फुटलेला हात दोन्ही हातांत घेतला. दुभाष्याने सांगितलं, “त्या म्हणतात, आता तुम्हाला तसं कधीच करावं लागणार नाही.”

भट्टीवालीने खाली बघितलं. डॉक्टर हसत होते, पण त्यांची नजर तिच्या तोंडावर होती. ती नुसती मान हलवून मागे सरकली. उंच बाईला वाटलं, लाजली.

सिस्टर शहरातून परत आल्या तेव्हा पाहुणे जाऊन आठवडा झाला होता. जाडजूड बांध्याच्या, गुडघे दुखणाऱ्या, पेन्शनला टेकलेल्या बाई. साथीत त्या आणि भट्टीवाली मिळून रडल्या होत्या, मिळून शिव्या दिल्या होत्या. त्या भट्टीवर येऊन बसल्या आणि शिकून आलेलं सांगून हसायला लागल्या. “पडद्यावर बाण दाखवतात गं. हा बाण इकडे, तो बाण तिकडे. आपण कुठल्या बाणावर ते काही सांगितलं नाही. पण पोशाख घालायचा कसा ते मस्त शिकवलं. म्हटलं, चला, आता आपल्याकडेही कोरे आहेत.”

भट्टीवालीने दांडका हंड्यात खालीवर केला. सांगावं असं तिच्या मनात आलं. पण सिस्टर साध्या मनाच्या होत्या. त्या सरळ डॉक्टरांकडे जाऊन भांडल्या असत्या, आणि मग शिफारस कसली नि काय कसलं. नवीन येणारच आहेत, ती स्वतःला म्हणाली. साहेब मागवणारच आहेत.

साहेबांनी मागवले नाहीत. मागवायचे तर आधीचे कुठे गेले ते लिहावं लागलं असतं. तिने एकदा विचारलं, तर ते म्हणाले, “साथ कुठे आलीय लगेच?” दुसऱ्यांदा विचारायची तिची छाती झाली नाही. उन्हाळा सरला, कोरडी हवा गेली, दमट आली. दमट हवेत हमालाचं आणखी बिघडलं. आता तो आडवा होऊ शकत नव्हता, भिंतीला टेकूनच झोपायचा. सासू त्याच्या पाठीमागे उशा लावताना पुटपुटायची, कार्ड कधी येतंय, कार्ड कधी येतंय. भट्टीवाली ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि मनातल्या मनात स्वतःला खात राहायची. राखीव खोलीवरून जाताना ती मान वळवायची.

मग एका सकाळी डॉक्टरांनी तिला बोलावलं. स्वारी खुशीत होती. “तुमचा हुकूम आला. दुपारी या सहीला.”

तिला आधी खरंच वाटेना. तिने शिपायाला घरी पिटाळलं, निरोप दिला की सही आहे. मग भट्टीमागे जाऊन एकटीच रडली, तोंडात फडकं कोंबून.

दुपार व्हायच्या आत खाणीवरून एक बैलगाडी आली. तिच्यात दगड फोडणारा एक मजूर आडवा होता, आणि त्याची बायको त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ताप, धाप, ओठ निळे. खाणीवरचे आणखी काहीजण तसेच पडलेत, बायको म्हणाली. दोघे रात्रीच गेले. डॉक्टरांनी लांबूनच ऐकलं आणि वर फोन लावला. फोनवर पलीकडून बरंच काही बोललं गेलं. ते नुसते ‘हो सर, हो सर’ म्हणत होते. फोन ठेवला तेव्हा त्यांना घाम फुटला होता.

“रोग्याला वेगळ्या खोलीत घ्या,” ते म्हणाले. “आत जाणाऱ्याने पूर्ण पोशाख घालूनच जायचं. नमुने घेऊन पाठवायचेत.”

आत कोण जाणार हे कुणी विचारलं नाही. सिस्टरांनी गुडघ्यावर हात ठेवून उठत राखीव खोलीची किल्ली मागितली.

भट्टीवाली चादरी घेऊन व्हरांड्यात आली तेव्हा सिस्टरांनी खोक्याची चिकटपट्टी फाडली होती. वरचा पोशाख त्यांनी हातात घेऊन झटकला. तो झटकला गेला नाही, पापडासारखा तडतडला. डॉक्टर दाराशी उभे होते. त्यांनी भट्टीवालीकडे बघितलं आणि अगदी हळू, दिसेल न दिसेल अशी मान हलवली. नाही. दोन-चार तासांचा तर प्रश्न होता. सही झाली की झालं. हमाल आता घरून निघालाही असेल. वाटेत थांबत, झाडाला टेकत येत असेल. सिस्टरांनी एक पाय पोशाखात घातला.

“सिस्टर, ते घालू नका.”

तिचा आवाज तिलाच परका वाटला.

“का गं?”

“धुतलेत. उकळलेत मी. शिवणी उघड्या आहेत त्यांच्या.”

सिस्टरांनी पाय बाहेर काढला. पोशाख उजेडात धरला. एका शिवणीत करंगळी घातली, ती पलीकडून बाहेर आली. मग त्यांनी दुसरा काढला, तिसरा काढला. शेवटी तळातून तो जळक्या छातीचा निघाला. तो त्यांनी डॉक्टरांपुढे धरला.

“साहेब, तुम्हाला ठाऊक होतं?”

डॉक्टर फोनमध्ये बघत होते. “नवीन येतायत वरून. सांगितलंय मी. उद्यापर्यंत येतील.”

वेगळ्या खोलीतून मजुराच्या बायकोने हाक मारली. बाई, ह्यांचे डोळे फिरतायत, कुणीतरी या हो.

सिस्टरांनी एकदा त्या दाराकडे बघितलं, एकदा भट्टीवालीकडे. “तू सांगितलं नसतंस तर बरं झालं असतं,” त्या म्हणाल्या. “जायचं तर मला आहेच. आता भीती घेऊन जायचं.”

“मला वाटलं…”

“जुन्या डॉक्टरांनीही धुतलेलाच घातला होता गं.” सिस्टर रागावल्या नव्हत्या. नुसतं आठवलं तसं बोलल्या आणि पोशाखात पाय घातला.

भट्टीवालीच्या हातातल्या चादरी जड झाल्या. एवढ्या काळात तिने ते दोन्ही एका जागी ठेवून कधी बघितलं नव्हतं. आपण धुतले आणि डॉक्टर गेले. ह्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

“मागून बांध,” सिस्टर म्हणाल्या.

पोशाख आखडलेला होता, सिस्टर जाड होत्या. दोन्ही कडा पाठीवर मिळेनात. मध्ये वीतभर पाठ उघडी राहिली. भट्टीवालीने बंद ताणून ताणून एकमेकांना गाठ मारली, गाठ मारताना एक बंद तुटला, तो चिकटपट्टीने चिकटवला. सिस्टरांनी मागे वळून बघितलं नाही. दार उघडून त्या आत गेल्या.

डॉक्टरांनी फोन खिशात ठेवला.

“आता सहीला यायचं कारण नाही,” ते म्हणाले. “हुकूम परत पाठवतो. शासकीय साठ्याची नासधूस केलीस, तूच सगळ्यांसमोर कबूल केलंस. उद्यापासून येऊ नकोस.” दोन पावलं जाऊन ते थांबले. “आज जाऊ नकोस मात्र. आतल्या चादरी निघतील. त्या धुवायला दुसरं कुणी नाही.”

तिला बरंच काही बोलायचं होतं. चादरी धुवायला तुम्हीच या, साहेब, असंसुद्धा जिभेवर आलं. पण दार थोडं उघडलं आणि सिस्टरांनी पहिला गठ्ठा बाहेर ढकलला, ओकारीने आणि रक्ताने भिजलेला. भट्टीवालीने तो उचलला. तिच्या अंगावर रोजचंच लुगडं होतं, हात उघडे होते, तोंड उघडं होतं. तिला काही घालायला द्यावं असं मागच्या साथीतही कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिच्याही नाही.

ती मागच्या बाजूला वळली तर फाटकाशी हमाल उभा. धुतलेला सदरा घातला होता, केस पाण्याने चापून बसवले होते. फाटकाचा गज दोन्ही हातांनी धरून तो श्वास गोळा करत होता. तिला बघून हसला आणि फाटकाची कडी काढायला लागला.

“थांबा!” ती ओरडली. “आत येऊ नका.”

“का?”

“येऊ नका म्हटलं ना. लांब राहा.”

त्याने तिच्या हातातला गठ्ठा बघितला. त्याला तो गठ्ठा चांगला ओळखता येत होता. त्याचं हसू मावळलं. पण तो हलला नाही. कडीवर हात ठेवून तसाच उभा राहिला.

“सही झाली का?” त्याने विचारलं. “ते सांग, मग जातो.”

त्याच्या गळ्याजवळची शीर उडताना तिला एवढ्या लांबून दिसत होती. नाही म्हटलं असतं तर तो फाटक उघडून आत आला असता, डॉक्टरांच्या दारात जाऊन उभा राहिला असता, हात जोडले असते. तिला माहीत होतं.

“झाली,” ती म्हणाली. “जा आता घरी. आईंना सांगा.”

“झाली?”

“हो म्हटलं ना. जा.”

त्याने कडी सोडली. रस्त्याला लागला. आज मध्ये थांबला नाही, झाडालाही टेकला नाही. त्याच्या छातीला झेपत नव्हतं तेवढं भरभर चालत तो आईला सांगायला निघाला होता. तो वळणाआड जाईपर्यंत भट्टीवाली गठ्ठा अंगापासून लांब धरून उभी राहिली, आणि मग पाणी ठेवायला गेली.